स्टेनोकाकूंचं इंग्रजी

काकूंनी चमचा पुढे केला तशी काकांनी मान बाजूला वळवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"इनॲडमिसिबल."

चमच्यातलं सूप टेबलावर सांडलं. काकूंनी ते फडक्याने पुसलं, वाडगा खाली ठेवला आणि शाळकरी पोरीसारखं स्वतःशीच पुटपुटायला सुरुवात केली.

"इनॲडमिसिबल. म्हणजे ग्राह्य नाही. म्हणजे पुरावा चालणार नाही. बरं, पण सुपाच्या बाबतीत काय चालणार नाही?"

त्यांनी वाडग्यात बोट बुडवून चाखून पाहिलं. मीठ घालायचंच राहिलं होतं.

"अहो, मग सरळ अळणी म्हणा ना!" त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. सरळ म्हणता येत असतं तर आणखी काय हवं होतं? काकांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काकू मिठाचा डबा आणायला उठल्या, उठताना पाठदुखीसाठी बांधलेल्या कंबरेच्या पट्ट्यावर हात दाबला आणि काकांना दिसू नये म्हणून पाठमोऱ्या झाल्या.

काका म्हणजे कोर्टातले लघुलेखक. न्यायाधीश बोलणार आणि काका भराभर उतरवून घेणार, यात अख्खा जन्म गेला. सगळी वसाहत त्यांना स्टेनोकाका म्हणायची, म्हणून या आपोआप स्टेनोकाकू झाल्या. काकूंचं स्वतःचं इंग्रजी शाळेत पास होण्यापुरतं, आणि पास होतानाही ते धापाच टाकत होतं. पण त्यावाचून कधी अडलं नव्हतं. काका घरी आले की कोट खुंटीला अडकवायचे आणि कोर्टातलं इंग्रजीही जणू त्या कोटाच्या खिशातच ठेवायचे. घरात सगळा कारभार 'अगं' आणि 'अहो'वर चालायचा.

मग मागच्या वर्षी झटका आला. काकांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा परत आली ती भलतीच. 'पाणी' गेलं, 'भूक' गेली, 'अगं' गेलं. राहिलं ते कोर्टातलं इंग्रजी, आणि त्यातलेही सोपे शब्द नाहीत, जाडजूड तेवढे. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, "शब्दांचं कपाट कोसळलंय असं समजा. ढिगातून जे हाताला लागतं, ते बाहेर येतं. हे असं होतं कधीकधी." काकूंनी मान डोलावली होती. घरी येऊन मात्र स्वयंपाकघराचं दार लावून ढसाढसा रडल्या होत्या. एवढी वर्षं संसार केलेला माणूस समोर बसून बोलतोय आणि त्यातलं अक्षर कळत नाही, याचं दुःख काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पण रडून किती रडणार? एके दिवशी काकूंनी डोळे पुसले, काकांची जाडजूड डिक्शनरी कपाटावरून उतरवली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पहिलं पान उघडलं. इंग्रजी शिकायचं. तेही वरच्या इयत्तेचं. काकांना सोपं बोलता येत नसेल, तर आपण अवघड समजून घ्यायचं. हिशेब अगदी सरळ होता.

खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. शाळेत असताना त्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा म्हणे. काकू डिक्शनरी कडेवर घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"शिकवते की," बाई खुशीत म्हणाल्या. "पायापासून सुरू करू. कॅट, मॅट, रॅट."

"मांजर नकोय मला, बाई. आमच्या ह्यांना मांजर येत नाही."

"मग काय येतं?"

"काल केळं काळं पडलं होतं, तर त्याला पेरिशेबल म्हणाले."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि काकूंना आत घेतलं.

रोज दुपारी काका झोपले की काकू खाली उतरायच्या. डिक्शनरीचं पहिलं पान, मग दुसरं, मग तिसरं. शिकायचं तर रीतसर, अशी त्यांची समजूत. कणीक मळताना 'ॲबेट' घोकायचं, कपडे वाळत घालताना 'ॲबहॉर'. स्पेलिंग चुकलं की स्वतःलाच दटावायचं. असा महिना गेला. एका दुपारी त्या 'ॲब्सॉल्व्ह' या शब्दापाशी येऊन अडल्या. बाईंनी अर्थ सांगितला, दोषातून किंवा कर्तव्यातून मोकळं करणं, दिलेल्या वचनातून सोडवणं.

"म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे, जा, तुझ्यावर आता काही बंधन नाही, असं कुणाला सांगणं." बोलता बोलता बाईंचं लक्ष पानाच्या आकड्याकडे गेलं. "अहो, पण तुम्ही अजून 'ए'मध्येच आहात?"

"मग? झेडपर्यंत जायचंच आहे."

"आणि काका काय अनुक्रमाने बोलणार आहेत का? आधी सगळे ए, मग सगळे बी?"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. बाईंना हसू आवरेना, मग काकूंनाही आवरेना. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जिना चढताना मात्र काकूंना स्वतःचा भयंकर राग आला. अख्खा महिना पाण्यात! ह्यांच्या तोंडून 'ॲब'चा एक शब्द तरी आजवर ऐकलाय का?

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. आता काकांच्या तोंडून जो शब्द पडेल तो उचलायचा, तोंडात घोळवत जिना उतरायचा, अर्थ घेऊन वर यायचं आणि मग तो शब्द काकांनी कशाला लावला ते शोधायचं. हे शेवटचं काम डिक्शनरीच्या हातचं नव्हतं. ते बायकोचंच. हातापायांचा व्यायाम पुरे झाला की काका 'ॲडजर्न' म्हणायचे, म्हणजे कामकाज तहकूब. अंघोळीचं पाणी कढत असलं की 'लीनियन्सी'. म्हणजे दया करा. अंघोळच नको असली की 'ओव्हररूल्ड'.

"न्यायाधीश म्हणतात तसं," बाईंनी उलगडा केला होता. "म्हणजे हरकत फेटाळली. तुमचं म्हणणं ऐकलं, पण चालणार माझंच."

"माझ्या अंघोळीच्या हुकमाला ओव्हररूल्ड? बघतेच," काकू म्हणाल्या होत्या, आणि वर जाऊन काकांना साबण लावून चकचकीत केलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या करत नसत. हे शब्द त्या काकांशी उलट बोलत नसत. काकांनी बोलायचं, त्यांनी समजून घ्यायचं आणि उत्तर आपल्या भाषेत द्यायचं. एवढ्या मोठ्या कोर्टातल्या माणसापुढे आपली जीभ वळणार कशी? काका हसतील याची भीती नव्हती. हसले असते तर काकूंनी पेढे वाटले असते. काका बिचारे दुरुस्त करायला जातील आणि तेही त्यांना जमणार नाही, याची भीती होती.

आणखी एक सल होता. पूर्वी काकू घरात काही ठणकावून बोलल्या की काका जेवणाच्या टेबलावर बोटाने लघुलिपीच्या वळणदार रेघा ओढायचे आणि म्हणायचे, "नोंद झाली, अगं." त्या इतक्या चिडायच्या की काही विचारू नका. झटक्यानंतर ते बोट कधी हललं नाही. उजवा हात गेलाच होता. डावा चांगला होता, पण तोही मांडीवर नुसता पडून असायचा. हल्ली काकू कधीकधी मुद्दाम आवाज चढवून बोलायच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या हाताकडे बघायच्या. काही व्हायचं नाही.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. दर रविवारी यायचा, भाजी-किराणा भरायचा, बाबांची नखं कापायचा. पोरगा वाईट नव्हता हो. पण गेल्या रविवारी त्याने काकूंना पलंगावरून काकांना खुर्चीत घेताना पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, काकू मध्येच अडकल्या, ना वर ना खाली, आणि त्याने धावत येऊन दोघांनाही धरलं.

"आई, बस झालं," तो म्हणाला. "माणूस ठेवू म्हटलं तर तुला तो चालत नाही. शुश्रूषागृहात एक जागा रिकामी झालीय. चांगलं आहे ते. त्यांच्या डॉक्टर शनिवारी बाबांना बघायला येतायत."

"बघायला म्हणजे?"

"बाबांना समजतं की नाही ते तपासायला. ज्याला समजतं, त्याचा स्वतःचा होकार लागतो. ज्याला समजत नाही, त्याच्या वतीने मुलाने सही केली तरी चालते."

"ह्यांना सगळं समजतं."

"आई, मान हलवतात तीसुद्धा कधी उलटी, कधी सुलटी. परवा मी विचारलं पाणी हवं का, तर म्हणाले पोटेबल."

"मग बरोबरच आहे की! पोटेबल म्हणजे पिण्याचं."

मुलाने कपाळावर हात मारला. "तुझी पाठ जाईल आई, आणि मग दोघांनाही कोण बघणार? मी काय करू, सांग."

 काकूंनी कंबर कसली, पट्ट्यासकट. डॉक्टरपुढे सिद्ध करायचं की ह्यांना समजतं. एकदा ते सिद्ध झालं की प्रश्न ह्यांनाच विचारणार, आणि हे नाही म्हणणार. संपला विषय. तो आठवडा त्या इतकं घोकत होत्या की मास्तरीणबाईंनीच एकदा हात जोडले.

शनिवारी सकाळी डॉक्टर आल्या. साध्याशा, हसऱ्या बाई होत्या. काकूंना त्या आवडल्या आणि आवडल्याबद्दल स्वतःचा रागही आला. मास्तरीणबाई धीर द्यायला म्हणून वर आल्या होत्या, त्या दाराशी स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या. मुलगा खिडकीपाशी उभा राहिला.

डॉक्टरांनी खुर्ची काकांसमोर ओढली. आधी डोळे मिटा, जीभ दाखवा, डावा हात वर करा. काकांनी डोळे मिटले, जीभ दाखवली आणि हात वर करायच्या ऐवजी पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी काहीतरी टिपलं. मग पिशवीतून एक कंगवा काढून पुढे धरला. काका गप्प. किल्ली धरली, तरी काका गप्पच.  मग डॉक्टरांनी एक मनगटी घड्याळ धरलं.

काकांनी ते नीट पाहिलं, मान पुढे काढून आणखी नीट पाहिलं आणि म्हणाले, "एक्स्पायर्ड."

डॉक्टरांनी हळूच मुलाकडे पाहिलं. मुलाने नजर खाली घातली.

"घड्याळ बंद आहे, डॉक्टर," काकू म्हणाल्या.

"काय?"

"ते म्हणतायत ते खरं आहे. मुदत संपलीय त्याची. काटा बघा तुम्ही."

डॉक्टरांनी घड्याळ कानाशी नेलं, उलटसुलट केलं आणि खळखळून हसल्या. "अहो, तपासणीचं म्हणून पिशवीतच पडून असतं हे. माझं कधी लक्षच गेलं नाही." त्यांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. आता त्या काकांशी बोलत होत्या आणि प्रत्येक उत्तराला काकूंकडे वळत होत्या. सूप कसं होतं? इनॲडमिसिबल. "चार दिवसांपूर्वी अळणी झालं होतं. अजून विसरले नाहीत," काकू म्हणाल्या. मुलगा येतो का भेटायला? "पीरिऑडिकली," काका म्हणाले, आणि खिडकीपाशी मुलगा एकदम हसला आणि लगेच त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. व्यायाम करायचा का थोडा? ॲडजर्न. याचा अर्थ कुणी विचारलाच नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ह्यांना समजतं," त्या म्हणाल्या. "बोलता येत नाही, एवढंच. मग आता मुलाची सही नको. काकांनाच विचारू."

दाराशी मास्तरीणबाईंनी हाताची घडी सोडली. काकूंना वाटलं, आता उठून त्यांच्या गळ्यात पडावं. जिंकलं!

डॉक्टर एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "काका, आमच्याकडे तुमच्यासाठी खोली आहे. उचलायला माणसं आहेत. तुम्ही तिथे राहायला याल, की इथेच राहाल?"

 काकांनी खोली पाहिली, मुलाला पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, कंबरेच्या त्या पट्ट्याकडे. डावा हात मांडीवरून हळूहळू उचलला, त्याचं बोट काकूंवर रोखलं आणि म्हणाले,

"ॲब्सॉल्व्ह."

डॉक्टर आता सवयीने काकूंकडे वळल्या.

"हा काय म्हणायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा नवीन दिसतो," मुलगा म्हणाला. "हा काही मी ऐकला नाही. असाच काहीतरी आला असेल."

काकूंना मात्र पान दिसत होतं. डिक्शनरीचं ते घोकलेलं शेवटचं पान, जिथे बाई हसल्या होत्या. वाया गेलेला महिना. त्यांनी दाराकडे पाहिलं. मास्तरीणबाईंना शब्द कळला होताच, पण त्या जमिनीकडे बघत होत्या. बायकोकडून नवऱ्याच्या बोलण्याचा अर्थ हिसकावून घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

खोटं बोलणं किती सोपं होतं! मुलगा म्हणतोय तसा काहीतरीच शब्द आहे, म्हणायचं. किंवा, मला सोडून जाणार नाही म्हणतायत, असं सांगायचं. कोण पडताळून बघणार होतं? काकांच्या शब्दांना आता काकूंचीच ग्वाही होती. पण एवढं घोकलं ते कशासाठी? हा माणूस काय म्हणतोय ते कळावं म्हणून. आणि आता कळलं, तर ते तोंडातल्या तोंडात दाबायचं? आजवर ह्या माणसाने दुसऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे लिहिला नव्हता.

"ते म्हणतायत," काकू म्हणाल्या, "ते म्हणतायत, हिला मोकळं करा."

मुलाने खिडकीची चौकट धरली.

"म्हणजे तिकडे यायला तयार आहेत?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"तयार आहेत. माझ्यासाठी तयार आहेत."

काकांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी क्षणभर थांबून पेन उचललं आणि कागद मांडीवर ओढला.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या. पट्टा नीट केला. काकांच्या खुर्चीसमोर जाऊन ताठ उभ्या राहिल्या, शाळेत फळ्यापुढे उभं राहावं तशा.  जीभ वळेल की नाही देव जाणे. वळली.

"ओव्हररूल्ड," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले.

"ऐकलंत ना? ओव्हररूल्ड. तुमचं म्हणणं ऐकलं, पण चालणार माझंच." मग त्या मुलाकडे वळल्या, आणि आता आवाज अगदी नेहमीचा, रोजच्या हुकमांचा होता. "ह्यांना उचलायला सकाळ-संध्याकाळ माणूस ठेव. मी नाही म्हणत होते, आता म्हणणार नाही. पाठ दुखते माझी, ते काही खोटं नाही. पण जायचं बियचं कुणी नाही. आणि डॉक्टर, तुम्ही चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि पेनाला टोपण लावलं.

मुलगा पुढे आला आणि काहीतरी करायला हवं म्हणून बाबांच्या मांडीवरची शाल सारखी करू लागला. करता करता थांबला.

"आई, बाबा हे काय करतायत?"

खुर्चीच्या हातावर काकांच्या डाव्या हाताचं बोट चाललं होतं. हळू, अडखळत, नवख्या हातासारखं. एक आडवी रेघ, एक वळण, मग एक छोटा गोल.

"काही नाही," काकू स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या. "लिहून घेतायत."